सामान्य वापर

पडदा आधी आला, एकशेवीस इंची.
श्रीरंग म्हणाला, आता खुर्च्या हव्यात,
बटण दाबलं की पाठ मागे, पाय वर.
मी म्हटलं, आधी वॉरंटी दाखव.

एकतीस वर्षं विम्याच्या दावे-विभागात काढली मी,
लष्करातल्या त्या ऑफिसात,
जिथे पंख्यानं कागद उडू नयेत म्हणून
आम्ही किल्ल्यावरून वेचलेले दगड ठेवायचो.
मोठ्या अक्षरांवर माझा विश्वास नाही.
बारीक अक्षरं लिहिणारा मात्र माझ्या गोत्रातला.

नई सडकेच्या दुकानात सिकरवार नावाचा पोरगा
खुर्चीच्या पाठीवर थाप मारून म्हणाला,
"आंटीजी, लाइफटाइम!"
किसका, मी विचारलं.
तो हसला. मी पान उलटलं.
आयुष्यभर, पण फक्त सांगाड्याला,
आणि वाळवी लागली तर तेही नाही.
फोमला तीन वर्षं, मोटरला दोन,
कातड्याला एकच, तेही ऊन न लागल्यास.
ग्वाल्हेरात, ऊन न लागल्यास!
मे महिन्यात इथे सावलीचासुद्धा चटका बसतो.

थाटीपूरच्या दुकानात सगळ्यालाच पाच वर्षं.
पण दुसऱ्या वर्षापासून खर्चात आपला वाटा,
चौथ्यात तो साठ टक्के,
आणि खुर्ची फरिदाबादला पोचवायची ती आपल्या पदरानं.
व्होल्टेज वरखाली झालं की दोघांचेही हात वर.
बसून बसून इंचभर खड्डा पडला
तर तो दोष नव्हे, सामान्य वापर,
यावर मात्र दोघांचं एकमत.

जुन्या डायरीच्या मागच्या पानावर मी रकाने आखले.
श्रीरंग डोकावून म्हणाला, सिनेमा कधी बघायचा?

रकाने भरताना मुरारची ती बाई आठवली.
नाव आठवेना, दावा क्रमांक आठवला.
तिची चार शिलाई मशिनं चोरीला गेली होती.
कुलूप तोडल्याची खूण हवी, असं कलम होतं,
आणि तिनं अर्जात स्वतःच लिहिलं होतं,
कडी नुसती ओढून घेतली होती.
मी त्या ओळीखाली लाल रेघ मारली.
नियमानं बरोबर होतं.

शेवटी विकत घ्यायच्या आधीच
दोन्ही कार्डांवरचे नंबर फिरवले.
थाटीपूरवाल्यांची बावीस मिनिटं बासरी.
नई सडकवाल्यांकडे कुणीतरी खोकत म्हणालं,
"बोलिए, हजीरा से रामलखन. मोटर अटकी है क्या?"
अभी ली ही नहीं, म्हटलं.
"तो पहले स्टेबिलायझर ले लीजिए."
हा रकाना मी आखलाच नव्हता.
त्या एका वाक्यावर पैसे भरले.

चौदाव्या महिन्यात, मॅच ऐन रंगात असताना,
श्रीरंगची खुर्ची अर्ध्यावर अडली.
पाय वर, डोकं खाली, तो हाका मारतोय
आणि मी कपाटात बिल शोधतेय,
कार्ड, स्टेबिलायझरची पावतीसुद्धा.
"अगं, मला उतरव!"
थांब, हलू नकोस, फोटो काढू दे.

मग अर्ज. वापर कसा?
लिहिलं, सामान्य.
दर रविवारी गल्लीतले सातजण येतात,
फाळक्यांचा धाकटा खुर्चीच्या हातावर बसतो
नको म्हटलं तरी,
हे लिहावं का, यावर पेन बराच वेळ अडलं.
तिकडे टेबलाशी माझ्यासारखी कुणी असेल
तर तिला एवढी ओळ पुरे.

रामलखन तासाभरात आला.
खुर्चीखाली आडवा झाला, टॉर्च दातांत धरून,
आणि दांड्यांच्या फटीतून
गजकचा एक तुकडा चिमटीत धरून बाहेर निघाला.
"भाभीजी, ये भी लिखना है?"

चंद्रकली. चंद्रकली कोष्टा.
तिचं नाव तेव्हा आठवलं मला.