घंटेचे पैसे

उभादांड्याच्या चर्चची घंटा
तडकलेली. वाजते, पण पातेल्यासारखी.
मस्कतहून पॉलिकार्पने पैसे पाठवले:
नवी घ्या, वर बाबांचं नाव घाला.

मी खजिनदार. वही माझ्याकडे.

चिरे दोनशे दहा, वाळू दीड ब्रास,
गवंडी भिकाजी, आठ दिवस,
एक दार, आतून कडी,
एक नळ,
उठताना धरायला भिंतीत लोखंडी दांडा.

कमिटीत आवाज चढले.
फादर खिडकीबाहेर सुरूच्या झाडांकडे बघत राहिले.

या रविवारी घंटा तशीच वाजली.
पण कैतानाबाय, जी तीन वर्षं
प्रवचनाआधीच उठून घर गाठायची,
शेवटच्या आशीर्वादापर्यंत बसली.

पॉलिकार्पला काय लिहू?
त्याच्या बाबांचं नाव
नळाच्या वर, ओल्या सिमेंटात,
गंजक्या खिळ्याने
मीच कोरलंय.