किंमत बघतोय

ह्यांच्या पायाला भिंगरी,
म्हणून तर हडर्सफील्डच्या ह्या चढावर येऊन पडलो.
गेल्या दिवाळीपासून मात्र हे थांबायला लागले.
आधी किल्लीवाल्याच्या दुकानापाशी,
मग केकवाल्याच्या काचेसमोर,
मग बंद पडलेल्या बँकेसमोर,
जिथे बघण्यासारखं काय, तर
एक वाकडा पडदा आणि उताणी माशी.
मी म्हणायची, चला की हो, काय पाहताय?
हे म्हणायचे, किंमत बघतोय.

आज कॅलम नावाच्या पोरानं
ह्यांना पँट काढून आडवं केलं,
अंगावर टॉवेल दिला.
जेल कोमट करून ठेवलं होतं त्यानं.
आजीला गार चालायचं नाही माझ्या, म्हणाला.

जांघेपासून खाली सरकत गेला त्याचा हात.
पडद्यावर करड्या मातीत लाल, निळं, लाल.

रोहिणी हृदयाकडून येते, नीला हृदयाकडे जाते,
हे आम्ही सातवीत घोकलेलं.
वर्गात दोघी होत्याही,
रोहिणी टिपरे आणि नीला घाग,
एका बाकावर बसायच्या, बोलायच्या नाहीत.
मी विचारलं, निळी ती शीर ना?
कॅलम म्हणाला, रंगावर जाऊ नका.
रक्त माझ्याकडे येतंय की माझ्यापासून दूर जातंय,
रंग फक्त एवढंच सांगतो.

मग त्यानं आवाज मोठा केला.
उजवा पाय ठणठणीत:
एक फटका, मागे एक ओढ, आणि शेवटी जराशी कुजबुज.
डाव्या मांडीत एका जागी
फटीतून वारा घुसावा तसं सूंऽऽ
आणि त्याच्या खाली, घोट्याशी,
हूं... हूं...
झोपेत कुणी आपल्या बोलण्याला हुंकार द्यावा तसं.

किती चालता येतं?
किल्लीवाल्यापर्यंत.
मग?
मग पोटरीत गोळा. उभं राहिलं की जातो.
मग केकवाल्यापर्यंत.
हे इंग्रजीत बोलत होते, छताकडे बघत,
आणि मी खुर्चीत पर्स धरून,
तीन दुकानांचा रस्ता मनात पुन्हा चढत.

दुखेपर्यंत चाला, म्हणाला कॅलम,
थांबा, पुन्हा चाला. बाकीचं डॉक्टर सांगतील.
आणि सिगारेट?
हे म्हणाले, सोडली.
हेही मला नवीनच.

बसमधून उतरलो. मोज्याला जेल चिकटलेलं.
मी मुद्दामच एक पाऊल मागे.
किल्लीवाल्यापाशी हे थांबले,
मी काही विचारलं नाही.
काचेपलीकडे पितळेच्या किल्ल्यांच्या ओळी,
एकीलाही दात नाहीत अजून.

आतून दार उघडलं.
न बोलता त्या माणसानं एक स्टूल
फुटपाथवर आणून ठेवलं, उतार बघून, नेमकं.
थँक्यू, डेरिक, म्हणाले हे.
त्यानं मान हलवली, मग मला पाहिलं,
आणि दुसरं स्टूल शोधायला आत गेला.