झाडे : निरंक

फाइल जर्मनीहून आली, स्कॅन केलेली, दोनशे बारा पानं.
हान्स-योर्ग टेसमर यांना आपल्या पणजोबांची नोकरी
इंग्रजीत हवी आहे, कॅनडातल्या नातवंडांसाठी.
शब्दाला सहा सेंट. मुदत महिनाअखेर.

हुद्दा : लान्तरात.
लान्त म्हणजे मुलूख, रात म्हणजे सल्ला देणारा.
कोश एवढंच सांगतो.
मी तळवलीची, खाडीकडच्या आळीतली.
माझ्या कानाला जमिनीची रात ऐकू येते.

काय लिहावं? कलेक्टर? प्रांत? मामलेदार?
रुडॉल्फ टेसमर, जिल्हा आल्टवाइडन, नेमणूक १९०७.
हुकमावर राजाचा शिक्का,
घोड्याचा भत्ता वेगळा.
अक्षर असं, की वाळत घातलेलं जाळं वाऱ्याने गुंडाळावं;
पहिले चार दिवस मी नुसते
न आणि ए सोडवत होते.

१९०९ : स्टेशनपर्यंत सडक, दुतर्फा लिंडन.
१९११ : गुरांना लाळ्या-खुरकूत, बाजार बंद.
१९१४ : घोड्यांची यादी. नावासकट.
लीझे, काळी, आठ वर्षं, उजव्या कानाला कात्रा.
१९१७ : चर्चच्या घंटा वितळवायला. वजन किलोत, सही त्याचीच.
त्या हिवाळ्यात लोकांनी काय खाल्लं, त्याची एक ओळ :
सलगम. पुरवठा समाधानकारक.

मग एका नोव्हेंबरात दोन शिपाई आले,
दंडाला लाल फडकी,
त्याच्या टेबलाच्या दोन बाजूंना बसले
आणि त्याच्या सहीखाली सही करू लागले.
शाई त्याचीच.

१९२० : तात्पुरती निवृत्ती.
तो मेला १९४१ मध्ये. तोवर तात्पुरताच.
दरवर्षी एक फॉर्म यायचा, इतर उत्पन्न कळवा,
आणि तो एक शब्द भरून परत पाठवायचा.
फेलान्त्साइगे.
कोशाकडे माझा हात गेलाच नाही.
हा शब्द आमच्या घरात आहे,
पत्र्याच्या पेटीत, निवाड्याच्या तिसऱ्या पानावर,
घड्या पडून पडून फाटायला आलेल्या जागी.
झाडे : निरंक.

बाबा दहाचा होता, सिडकोची माणसं आली तेव्हा.
त्यांनी साखळी ओढली, बांधावर बसून चहा घेतला,
आंब्याच्याच सावलीत घेतला,
आणि लिहिलं निरंक.
आजोबांनी अंगठा दिला.
आता त्या जागी बारा मजले आहेत, काचेचे.
माझी पहिली नोकरी तिथेच, सातव्यावर,
रात्रपाळीत जर्मन ग्राहकांना वॉशिंग मशीन समजावून सांगायची.

पान अठ्ठ्याऐंशीवर मी अडकले.
सडकेच्या आड येणारी परसबाग, मालकीण विधवा पोल्त्स,
पेअरची झाडं चार, मोबदला अमुक मार्क.
हरकत फेटाळली.
आणि समासात पेन्सिलीने, वाकड्या ओळीत :
स्वतः जाऊन पाहिलं. चार नव्हेत, पाच.
एक गोठ्यामागे आहे.
खाली आकडा खोडून नवा.

बाबा पाणी प्यायला उठला होता.
रात्रीचे दोन. पाठीमागे उभा राहिला.
मी वाचून दाखवलं, आपल्या भाषेत.
बराच वेळ काही बोलला नाही.
मग म्हणाला, त्यानी झारं मोजली.

मला सांगायचं होतं, बाबा,
घोडी नेली त्यानेच, घंटाही उतरवल्या,
पोल्त्सबाईच्या मुलाचं नाव एका वेगळ्या यादीत आहे,
आणि सलगमाची ती ओळही त्याच अक्षरातली.

बाबाने तांब्या ठेवला.
सडक जाली का पन?
झाली.
ना त्या पाचवा झार?
तेही तोडलं.

हां, म्हणाला, आणि पेटीच्या खोलीकडे गेला.
मी कर्सर पुन्हा पेन्सिलीच्या ओळीवर आणला.
गोठ्यामागे.
एकच शब्द आहे जर्मनमध्ये.
सहा सेंट.