नबी, जरा सावकाश

एप्रिल लागला, तरी क्लीव्हलँडला थंडी हटत नाही.
पायरीवर मिठाचे पांढरे डाग,
सरोवराकडून येणारा वारा कान कापणारा.
नेओमी विचारते, आई, या वर्षी तरी?
मी म्हणते, या वर्षी नक्की.
दर वर्षी म्हणते, पण थाप नाही मारत;
मार्च सरता सरता मला ते खरंच वाटायला लागतं.

अठ्ठेचाळीस सालानंतर आपण जिंकलेलो नाही.
त्या साली पप्पा रेवदंड्याला, नऊ वर्षांचे,
चेंडू म्हणजे चिंध्यांचा गोळा.
इथे कुणी मिरवणूक काढली होती
हे त्यांना कळायला तेवीस वर्षं गेली
आणि नटबोल्टच्या कारखान्यातली एक नोकरी.
फोरमन लुडविक झुपान म्हणाला,
हनोख, शनिवारचं तिकीट आहे, येतोस?
पप्पा म्हणाले, शनिवारी आम्ही
तेलाचा घाणासुद्धा फिरवत नव्हतो.
झुपानला ओ की ठो कळलं नाही.
त्याने रविवारचं आणलं.
त्या रविवारी पप्पा अकरा-दोनने हरून घरी आले
आणि जन्माचे आपले झाले.

अनाशी ढाकायच्या सणाला आमच्याकडे
दारावर हाताचा ठसा लावायचे,
बकऱ्याच्या रक्तातला, पाची बोटं उमटलेला,
म्हणजे संकट घर ओलांडून पुढे जातं.
इथे बकरा कुठला?
पप्पांनी मेझुझाच्या खाली खिळा ठोकला
आणि चामड्याचा ग्लोव्ह लटकवला.
मम्मीने कपाळाला हात लावला.
मिसरातलं संकट ओलांडून गेलं असेल, नाही कशाला म्हणू,
पण सप्टेंबरमधलं
दर वर्षी आमचंच दार बरोबर शोधत येई.

पप्पांना जाऊन चार वर्षं झाली. ग्लोव्ह आहे.

आणि आज सेदेरची रात्र,
आजच घरच्या मैदानावरचा पहिला सामना.
मेणबत्त्या लागल्या. रेडिओला आता हात नाही.
मनुकांच्या सरबताचे दोन प्याले झाले,
कडू पाला झाला, खजुराचा शिरा,
शिमशोन सगळं सावकाश, सुरात वाचतोय
आणि मी समुद्र दुभंगत असताना
इनिंग मोजतेय.
देव बघतोच आहे; त्याच्यापासून काय लपवायचं.

मग दार उघडायची वेळ झाली.
हे काम माझं, पप्पांनंतर.
पलीकडच्या ओसरीवर म्हातारा टॉलिव्हर
घोंगडी पांघरून, कानांनी अधू,
त्याचा रेडिओ अख्ख्या गल्लीला ऐकू जातो.
या, एलियाहू हन्नाबी, या,
पण जरा सावकाश.
पाय पुसा. बूट काढा. गुडघे दुखत असतील,
एवढ्या घरांतून फिरून आलात.
नववी इनिंग, दोन बाद,
एका धावेने मागे,
आपला पोरगा तिसऱ्या बेसवर.
घर नव्वद फूट.
पिचर थांबलाय, टोपी सारखी करतोय,
तुम्हीही थांबा ना थोडं उंबऱ्यात,
वारा लागू दे, काय बिघडतं

दार लाव, शिमशोन ओरडला, मेणबत्त्या विझतील.

लावलं.

आता दोन दिवस सण.
ना रेडिओ, ना फोन, ना पेपर उघडायचा.
रात्री कूस बदलली की तो पोरगा दिसायचा,
गुडघ्यावर मातीचा पट्टा,
एक पाय बेसवर, एक घराकडे.

सकाळी सिनेगॉगला निघालो तर
टॉलिव्हर कुंपणाशी उभा.
चेहऱ्यावरून काही कळेना,
त्याचा चेहरा जिंकलो तरी तसाच असतो.
त्याने तोंड उघडलं
आणि मी दोन्ही हात वर केले: नको, सांगू नकोस.
नेओमी म्हणाली, आई, वेडी आहेस का?

असेन.
आज रात्रीपासून ओमेर मोजायचा, एकोणपन्नास दिवस.
एकशे एकसष्ट सामने अजून बाकी आहेत.
हरायला भरपूर वेळ आहे, गं.
उद्या रात्रीपर्यंत
त्याला तिसऱ्या बेसवर उभा राहू दे.