नकाशातली खाच

सत्तरी म्हणजे सत्तर गावं, बाबा सांगायचे.
मी मोजली तेव्हा कधी अडुसष्ट भरली, कधी त्र्याहत्तर.
वाडी कुठे संपते, गाव कुठे लागतो
हे म्हादईला ठाऊक असेल,
पण ती दर पावसाळ्यात एका काठाचं काढून
दुसऱ्याला देते, आणि दस्त करत नाही.

बाबा मोजणीखात्यात साखळीवाले.
साखळी, म्हणजे बाजाराचं गाव नव्हे,
लोखंडाची, शंभर कड्यांची.
खांद्यावर घेतली की सदऱ्यावर गंज उतरायचा
आणि आई तो बिंबलं चोळून काढायची.

वाळपईच्या कचेरीत तीन कपाटं.
पहिल्यात पोर्तुगीज,
रेजिदोरची लफ्फेदार सही आणि वाळवी.
दुसऱ्यात मराठी.
तिसऱ्यात इंग्रजी, हे तेवढं कुलुपात.
तिन्हींत डोंगर तोच,
मालक तेवढा बदलतो:
राजा, मोकाशी, वनखातं.
कुमेरी करणाऱ्याचं नाव शेऱ्याच्या रकान्यात,
तेही पेन्सिलीने.

पेळकोंडात बाबांची साखळी अडली.
रेषेच्या बरोबर आड सांतेरीचं वारूळ,
पुरुषभर उंच,
वर अबोलीची कालची माळ.
शेवंती माजीक काजूंची पाटी खाली ठेवून म्हणाली,
‘हिच्यावयल्यान लोखंड व्हरूं नाका.’
सर्व्हेयर रिबेलोबाब घड्याळ बघत राहिले.
मग टोपी काढली, कपाळ पुसलं
(पुसण्यासाठीच काढली की कशासाठी,
बाबा शेवटपर्यंत ठरवू शकले नाहीत)
आणि म्हणाले, वळसा घाला.
सात कड्या डावीकडे, नऊ पुढे, सात उजवीकडे.
कागदावर उमटली एवढीशी खाच,
उंदराने कुरतडल्यासारखी.

यंदा, माझ्या निवृत्तीच्या आधल्या महिन्यात,
नकाशे संगणकावर चढले.
पणजीहून आलेला मुलगा, हुशार, कानात वायर,
म्हणाला, ‘काका, ही चूक दिसते. सरळ करू?’
बोट कळीवर.

बत्तीस वर्षं मी दाखले दिले,
जन्माचे, रहिवासाचे, उत्पन्नाचे,
पूर आला तर पंचनामे.
देवीसाठी रकाना कुठल्याच नमुन्यात नाही.
म्हणालो, ‘चूक नव्हे. अडथळा.’
‘कसला?’
‘मातीचा.’
त्याने तसंच टाइप केलं
आणि पुढच्या गावाला गेला.

रविवारी बसने पेळकोंडाला जाऊन आलो.
शेवंती नाही आता. तिची सून माळ घालते.
वारूळ वाढलंय.
खाचेत मावत नाही,
हातभर पलीकडे सरकलंय,
वनखात्याच्या सर्व्हे नंबरात.

अजून मी कुणाला कळवलेलं नाही.