दोन यू-टर्न

चाणक्यचा सिग्नल सुटला आणि डावीकडे
पार्किंगचे दिवे लुकलुकणारी एक ईको,
तिच्यापुढे हात करणारा माणूस.
हात वर नाही, खाली. रिक्षाला करतात तसा.

साठच्या वेगाला हे दिसून मागे पडायला
चार सेकंद लागतात.
चार सेकंदांत मी एवढंच ठरवलं
की ठरवायला वेळ नव्हता.

मग सारसोळेपर्यंत वेळच वेळ.

शेजारच्या सीटवर डब्याची पिशवी.
डब्यात दुकानाचा आजचा गल्ला,
वर पोळीचा रुमाल.
बेलापुरात औषधं विकते मी, पंधरा वर्षं.
आधी विचारते, चिठ्ठी आहे का?
चिठ्ठीशिवाय देत नाही.

ग्रुपवर येतं ते सगळं पाठ आहे.
काचेवर अंडं फेकतात, वायपर लावू नका.
रस्त्यात बाळ ठेवतात, ते बाळ नसतं.
बाई उभी असली तर झाडामागे तिघे असतात.
ज्याच्याबरोबर झालं तो कुणाचा तरी मेहुणा.
त्या मेहुण्याला मी अजून भेटलेले नाही.

सारसोळे. लाल. नव्वदपासून उलटे आकडे.
तिवरांचा खारट कुजका वास एसीतून आत.
मागचा हॉर्न देतोय, अजून बारा बाकी असताना.
सरळ गेलं की वाशी, कोपरी, घर, गरम वरण.
मी उजवा इंडिकेटर दिला. नुसता.
टिकटिक ऐकायला बरी वाटते, बाकी काही नाही,
असं म्हणेपर्यंत गाडी वळली होती.

पण पाम बीचवर वळलं म्हणजे पोचलं असं नसतं.
मध्ये दुभाजक, शोभेची झाडं.
आधी पलीकडून जायचं, नुसतं बघायचं,
चाणक्यला पुन्हा वळायचं, तेव्हा अलीकडे.
चांगुलपणाला महापालिकेने
दोन यू-टर्न ठेवलेत.

पलीकडून दिसलं: माणसं दोन.
दुसरा टायरपाशी उकिडवा.
मागच्या काचेत थर्माकोलचा हंस, मान वाकडी,
आणि प्लास्टिकच्या झेंडूचा ढीग.
दोन म्हणजे वाईट.
हंसाचं काय धरायचं?
हंसवाल्यांबद्दल ग्रुपवर काही आलेलं नाही.

वीस पावलं पुढे जाऊन थांबले.
इंजिन चालू. काच दोन बोटं खाली.
पिशवी पायाने सीटखाली ढकलली.
तो धावत आला नाही. लांबच उभा राहिला
मोबाईलचा टॉर्च स्वतःच्याच तोंडावर धरून,
मला दिसावा म्हणून.

"ताई, नटाचा पाना. आमचा हॉलवर राहिला."
माझ्याकडे आहे का, मलाच माहीत नव्हतं.
"मारुतीच ना? स्टेपनीजवळ असतो, मॅटखाली."
सात वर्षं गाडी माझी,
पत्ता त्याला ठाऊक.
मी सीटशेजारचा खटका ओढला. उतरले नाही.

मग आरसा. आरशात उघड्या डिकीचं झाकण,
म्हणजे दिसत काहीच नाही, ऐकायचं फक्त.
"मैनू, जॅक धर." लोखंडावर लोखंड.
पाना निसटला, आईवरून शिवी,
आणि लगेच, मोठ्याने, "सॉरी ताई!"
मी जाणाऱ्या गाड्या मोजल्या.
सत्तेचाळीसपर्यंत मोजून सोडून दिलं.
एकाचाही ब्रेकलाइट लागला नाही.
चिडले त्यांच्यावर, चांगलीच.
मघाशी माझा लागला होता का,
ते काही केल्या आठवेना.

पाना परत आला, सदऱ्याला पुसून.
डिकी त्याने हळू लावली,
आत कुणी झोपलंय अशी.
काचेपाशी वाकला नाही. तिथूनच म्हणाला,
"एक सांगू ताई? असं थांबत जाऊ नका.
रात्रीचं कुणाचं काय सांगता येतं."
"हो," मी म्हटलं. "खरंय."

ओजसने दार उघडलं. एवढा उशीर?
"सिग्नल," म्हटलं. "दोन जास्तीचे लागले."
रुमाल सोडून गल्ला मोजला.
दहा रुपये कमी.
दुपारी सुटे दिले होते कुणाला तरी, तेच ते.
डबा सीटखालून हललाही नव्हता.
हे मी स्वतःला
दोनदा सांगितलं.