चार अधिक दोन

कायानीच्या जुन्या कागद गिरणीत
आता नुसती पंख्यांची घरघर.
रात्रपाळीला वुओक्को; थर्मासातली कॉफी कोमट.
पडदा विचारतो :
किती डिस्क गेल्या तर चालेल?
ती टाइप करते : दोन.

म्हणजे प्रत्येक फाइलचे सहा तुकडे,
सहा रॅकवर, वेगवेगळ्या विजेवर;
कुठलेही चार उरले
की सगळं अक्षरन् अक्षर जुळतं.

जेवायच्या टेबलाशी आम्हीही सहाच होतो,
ती म्हणते; कुणाला असं नाही, पंख्यांना.
ओस्मो तळ्याच्या बर्फाखाली गेला.
सिस्को पर्थला, फोनही करत नाही.
चार उरलो. हिशेबाने पुरेसे.
तरी आईचं वाक्य मध्येच तुटतं.

बाहेर उणे एकोणतीस.
ती दोनाचे तीन करते.
जागा कमी पडेल, असा इशारा येतो.

येऊ दे.